ठणठणीत कार्ड

वाचनालयातल्या संगणकाची लिनक्स प्रणाली मी अपडेट केली आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीला आलेल्या सावंतांनी पेटी उघडली. आत पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा चिमुकला पंखा छान फिरत होता.

"कार्ड ठणठणीत आहे, सर. पण कंपनीने जुन्या कार्डांसाठी ड्रायव्हर, म्हणजे नव्या लिनक्सवर कार्ड चालवणारे प्रोग्राम, लिहिणं थांबवलंय."

"मग दुसऱ्या कुणी लिहावेत."

"कंपनीने कार्डाच्या आतली माहिती सगळ्यांना खुली केली, तर लिहितीलही लोक, हौसेने. पण मग तुम्ही नवं कार्ड कशाला घ्याल?"

शेजारचं कपाट घेतलं, तेव्हा सुताराने किल्ली आपणहून हातात ठेवली होती. कार्ड घेताना किल्ली मागायची असते, हेच मला ठाऊक नव्हतं.

सावंत गेले. काळ्या पडद्यामागे पंखा इमानाने फिरतच होता. तो बंद करायला माझा हात धजेना.