अफगाणिस्तान माघार कृती समिती, मंगळवार पेठ

आमच्या मंगळवार पेठेत हंबीरराव निमंत्रक नाहीत अशी एक कृती समिती दाखवा, माझं टायपिंगचं दुकान तुमच्या नावावर करून देतो. पाण्याची समिती, गटारीची समिती, भटक्या कुत्र्यांविरुद्धची समिती, आणि ती कुत्री न्यायला येणाऱ्या गाडीच्या भोंग्याविरुद्धची वेगळी समिती. अध्यक्ष बदलतात, खजिनदार तर टिकतच नाहीत, पण निमंत्रक बदललेला मी पाहिलेला नाही. या सगळ्यांची निवेदनं टाईप करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य मी कॉम्प्युटरच्या एका बटणावर बसवून ठेवलंय. रोज कोण बडवत बसणार?

हंबीररावांची पिठाची गिरणी आहे. तीस वर्षं पट्ट्याच्या घरघरीत बोलून त्यांचा आवाज असा झालाय, की त्यांनी समोरच्याला ‘चहा घेणार काय?’ विचारलं की शेजारच्या गल्लीतला माणूस ‘नको’ म्हणतो. माणूस दिलदार. खोड एकच, बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही. एकदा रागाच्या भरात कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ‘तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाय’ म्हणाले. तो न्हावी वारला, त्याच्या मयतीला हे सगळ्यांत पुढं होते, आता त्याचा मुलगा दुकान चालवतो. पण हंबीरराव अजून रिक्षा करून राजारामपुरीत दाढीला जातात.

तर अशा माणसानं २०१९ च्या जानेवारीत, एका रविवारी, मटण आणून घरात दिल्यावर तालमीत सभा बोलावली. विषय : अमेरिकेनं अफगाणिस्तानातून माघार कशी घ्यावी.

हसू नका. कारण तसंच होतं. हंबीररावांची थोरली बहीण आक्का आमच्याच गल्लीत राहते. नवरा लवकर गेला, विश्वजित हा एकच मुलगा. तो अमेरिकेत शिकायला गेला आणि तिकडच्या फौजेत भरती झाला, म्हणे त्यानं नागरिकत्व लवकर मिळतं. आक्काला हे कळलं ते पेठेत फ्लेक्स लागल्यावर. ‘अमेरिकन सैन्यदलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कोपऱ्यात विश्वजित, तिकिटाएवढा. मधोमध हंबीरराव, पांढरा शर्ट घालून, फोन कानाला लावून. आक्का त्या फ्लेक्सखाली उभी राहून भावाला एवढं बोलली होती, की तालमीतल्या पैलवानांनी जोर मारायचे थांबवले.

आता विश्वजित काबूलजवळच्या कुठल्याशा तळावर होता. गाड्या दुरुस्त करायचं काम. ती लढाई सतरा वर्षं चालली होती आणि खुद्द अमेरिकेतल्या लोकांनाही नकोशी झाली होती. तिथलं सरकार फौज परत आणणार, अशा बातम्या येत होत्या. पण कधी आणि कशी, यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. आक्का रोज सकाळी माझ्या दुकानात यायची आणि म्हणायची, “कृष्णात, बघ रं कायतरी आलंय का.” मी मोबाईलवर बघून ‘चर्चा चालू हाय’ म्हणायचो. ती चपला सरकावत निघून जायची. मला त्या तीन शब्दांची शिसारी यायला लागली होती.

“त्यास्नी ठरवाय जमंना,” हंबीररावांनी सभेत सुरुवात केली, “म्हणून आपण ठरवून कळवायचं.”

सभेला पंधरा-वीस माणसं होती. आक्काही आली होती, दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. पहिल्यांदा आकाराम वस्ताद उठले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, कान मोडलेले, कायम हसतमुख.

“ह्यात काय आवघड हाय? कुस्ती लई वेळ चालली, दोघंबी दमली, निकाल लागंना. पंच काय करतोय? बरोबरीत सोडवतोय. दोघांचे हात वर, अन् घरला! तसंच उठायचं अन् यायचं.”

“पंच कोण?” कुणीतरी विचारलं.

“मी जातो की,” वस्ताद म्हणाले. त्यांच्याकडं पासपोर्ट नाही ही अडचण तिथंच निघाली आणि त्यावर दहा मिनिटं गेली.

मग अॅडव्होकेट प्रसेनजीत कांबळे बोलले. आमच्या समित्यांत कायदा वाचलेला हा एकच माणूस, त्यामुळं कुणाला तरी अटक झाल्याशिवाय त्यांना फारसं बोलू देत नाहीत. “आधी समोरच्याशी बोलणी, लेखी करार, आणि मगच माघार,” ते म्हणाले. “नुसतं उठून आलं तर मागं राहिलेल्या तिथल्या माणसांचं काय? ज्यांनी ह्यांना मदत केली त्यांना कोण वाचवणार?”

हा मुद्दा खरा होता. पण तेवढ्यात पोहे आले.

पोहे संपल्यावर हंबीरराव उभे राहिले. “दोन्ही मतं ऐकली. पण एक ध्यानात घ्या. एवढा मोठा देश, एकदम उठून आला तर जग काय म्हणंल? पळाला म्हणंल! आन् आपला विश्वजित? त्येलाबी पळून आला म्हणतील. फ्लेक्स लावलाय मी त्येचा! आपण साखळी उपोषण मागं घेतलं तवा एकदम उठलो का? न्हाय. आधी उपोषण थांबवलं, मग धरणं धरलं, मग धरणं उठवून निवेदन दिलं. कुणाला कळलंसुद्धा न्हाय आपण मागं सरलो ते. तसंच हितं करायचं. तीन टप्पं. टप्प्याटप्प्यानं, सन्मानानं माघार!”

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या. ऐकायला झकासच होतं ते.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमचा प्रत्येक ठराव एकमुखी असतो. निमंत्रक ठराव वाचतात आणि एका दमात म्हणतात, ‘कुणाची हरकत न्हाय ठराव मंजूर’. मधे श्वाससुद्धा घेत नाहीत, हरकत घ्यायला जागाच नसते. आजपर्यंत कुणी घेतलीही नव्हती. ज्याला पटत नाही तो बाहेर जाऊन पान खातो.

“कुणाची हरकत न्हाय ठराव मंजू—”

“माझी हाय,” आक्का म्हणाली.

सभेत जे झालं त्याला गोंधळ म्हणवत नाही, कारण काय करायचं तेच कुणाला ठाऊक नव्हतं. वस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. प्रसेनजीत नियम आठवायला लागले, पण आमच्या समितीला नियम नाहीत. हंबीरराव बहिणीकडं वळले.

“आक्का, तुझ्याच पोरासाठी चाललंय न्हवं हे?”

“व्हय की. म्हणून तर आलोय.” आक्का उठली. आमच्याकडं बायकाही ‘आलोय’ म्हणतात, आणि आक्काच्या तोंडी ते शोभतं. “पैल्या टप्प्यात कोण येणार, हंबीर?”

“आता ते... त्यांचं ते ठरवतील.”

“ठरलंय. परवा फोन आलता विश्वजितचा. म्हणाला, आई, निघायची वेळ आलीच तर आमी गाड्यावाले सगळ्यांत शेवटी. तंबू उतरवायचं, गाड्या भरायच्या, समदं आमीच. म्हंजे माझं पोरगं तुझ्या तिसऱ्या टप्प्यात. आन् तुझा तिसरा टप्पा मला म्हाईत न्हाय व्हय? माझ्या दारातल्या गटारीचं काम तीन टप्प्यांत व्हणार म्हणून तूच आंदोलन मिटवून आलास. दोन झाले. फळी टाकून घरात जातो मी अजून!”

कुणी हसलं नाही. गटार आम्हा सगळ्यांच्याच दारात उघडी आहे.

“प्रस्ताव मांडलाय मी, आक्का,” हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली आलेला मी प्रथमच ऐकला. “टाळ्या पडल्यात. आता मागं कसा घेऊ? लोक काय म्हणतील?”

“मग हेच म्हणत बसल्यात की रं तिकडंबी!” आक्का ओरडली. “सतरा वर्सं! लोक काय म्हणतील, जग काय म्हणंल! आन् तवर माझं पोरगं गाड्यांच्या खाली झोपतंय.” तिचा आवाज फाटला. “तुला एका न्हाव्याच्या दुकानात परत जाता येईना, तू त्यास्नी काय शिकवणार?”

ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हंबीरराव भडकणार. मानी माणूस, चारचौघांत बहिणीनं असं बोलावं! प्रसेनजीतांनी घाईघाईनं एक दुरुस्ती सुचवली, ‘तीनाऐवजी दोन टप्पे’. वस्ताद म्हणाले, भाऊ-बहीण बरोबरीत सोडवा. कुणी ऐकलं नाही. हंबीरराव टेबलाची कड धरून उभे होते. पायरी न चढायची शपथ घेतलेला, तीस वर्षं कुणापुढं नमतं न घेतलेला तो माणूस भिंतीकडं बघत होता, आणि मला त्यांची खरंच कीव आली.

“कृष्णात,” शेवटी ते म्हणाले, “लिही. निमंत्रकांनी आपला प्रस्ताव मागं घेतला.”

मी लिहायला घेतलं. पण नोंद चोख हवी, म्हणून विचारलं, “टप्प्याटप्प्यानं, का एकदम?”

“एकदम, लेका! एकदम!”

तालमीचे पत्रे हादरले. आवाज परत आला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. वस्ताद खदाखदा हसत सुटले. त्यांना हसताना बघून बाकीचे हसले, आणि हंबीरराव खुर्चीत बसून रुमालानं तोंड पुसायला लागले. घाम होता की आणखी काही, ते मी बघितलं नाही.

निवेदन मग आम्ही चौघांनी मिळून केलं. प्रसेनजीतांचा मुद्दा पहिला घातला : मदत केलेल्या तिथल्या माणसांना सोबत आणावं. दुसरा आक्काचा : गाड्या, तंबू तिथंच सोडावेत, गाडीवाले आधी आणावेत. तिसरा हंबीररावांनी स्वतः सांगितला, मी शब्दही बदलला नाही : ‘बोललेला शब्द मागे घेतल्याने माणूस लहान होत नाही, असे समितीच्या निमंत्रकांनी स्वतः करून पाहिले आहे.’ शेवटी मी बटण दाबलं. आठ दिवसांत माघार न घेतल्यास मंगळवार पेठ बंद ठेवण्यात येईल, अन्यथा तीव्र आंदोलन वगैरे.

सोमवारी आम्ही ते कलेक्टर कचेरीत दिलं. खिडकीतल्या क्लार्कनं विषय दोनदा वाचला, आमच्याकडं बघितलं, आणि हंबीररावांना ओळखून मुकाट्यानं आवकचा शिक्का मारला. पुढं त्याचं काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. फौजा निघायच्या त्या त्यांच्या सवडीनं निघणार होत्या, आणि मोठ्यांची बोलणी चालूच होती.

त्या संध्याकाळी विश्वजितचा फोन आला. आम्ही आक्काच्या दारात, फळीच्या अलीकडं उभे होतो. आक्कानं फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळं सांगितलं, मामानं प्रस्ताव मागं घेतला, तोही भर सभेत. पलीकडून काही ऐकूच येईना. लाईन गेली असं वाटलं. मग कळलं, पोरगं हसतंय. दम लागेस्तोवर हसत होतं. आक्का फोन हातात धरून नुसती ऐकत राहिली. चार महिन्यांत तिनं त्याचं हसणं ऐकलं नव्हतं.

“मामाला दे,” तो म्हणाला. हंबीररावांनी फोन घेतला.

“मामा, खरं सांग. तू मागं घेतलास? तू?”

बिंदू चौकातल्या भर सभेत माईकशिवाय बोललेला हा माणूस. आता एवढ्या हळू बोलला, की शेजारी उभ्या आक्कालाही कान द्यावा लागला.

“घेतला बाबा. तू ये.”