गुडघ्यांना कोंडा

आणीबाणी देशातून नुकतीच उठली होती. आमच्या घरात मात्र मोठेबाबा शाबूत होते. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा त्यांच्यापुढे मान वर करत नसत. गावात सातवीपुढे शाळा नव्हती. हायस्कूल दूर, मधे जंगल, एसटीचा भरवसा नाही. जायचं तर सायकलनेच. मी जेवण सोडलं, तेव्हा कुठे मोठेबाबांनी सुट्टीपुरती आपली सायकल शिकायला दिली, आणि वर अट घातली.

"अंगावर एक जखम दिसली त शाळा बंद. डागी पोरीले बायको कोन करन?"

म्हणजे पडलं तरी दिसू द्यायचं नाही. आईला हे चटकन कळलं, तिचा जन्मच त्यात गेला होता. तिने बारदाना कापून माझ्या गुडघ्या-कोपरांवर बांधायला पिशव्या शिवल्या. आत धानाचं तूस भरलं, ते टोचायला लागलं, म्हणून मऊ कोंडा भरला. डोक्यावर पाण्याच्या घागरीखाली घ्यायची चुंभळ, लुगड्याच्या चिंधीने बांधलेली. अशी मी निघाले की विहिरीवरच्या बाया घागरी ठेवून हसायच्या.

आंबागडच्या किल्ल्याखाली दगडगोट्यांची उतरण आहे, तिथे मी शिकले. पुरुषी सायकल, दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. सपाटून पडले, पण अंगाला ओरखडा नाही. रोज संध्याकाळी मोठेबाबा माझे हातपाय उलटेपालटे करून बघायचे. बाजारात बैलाचे दात बघतात तसे.

सुट्टी सरता सरता एका संध्याकाळी मी ती उतरण न पडता उतरले. आनंदाने ओरडलेच. खाली गुरं घरी परतत होती. त्यांत आमचा बैल होता. या वेळेला आई त्याला कोंडा घालायची. त्याला वास आला, तो आडवा आला आणि त्याने माझ्या गुडघ्यालाच तोंड लावलं. मी उडून पडले. गुडघे, कोपर, डोकं सगळं शाबूत. हनुवटी दगडावर फुटली. तिला आईने काही बांधलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा मोठेबाबांनी आधी सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"झालं. आता पुरे."

आईने पिशव्या उसवल्या आणि कोंडा त्याच बैलापुढे ओतला. टाकून कसा द्यायचा? त्याने मिटक्या मारत खाल्ला. मला तो बैल मेलेला हवा होता. मोठेबाबाही.

पुढे काही वर्षांनी भंडाऱ्याहून पाहुणे मला पाहायला आले. मुलगा सरकारी कचेरीत. त्याच्या वडिलांनी हनुवटीचा व्रण बरोबर हेरला.

"सायकल शिकताना लागलं जी," मोठेबाबा ऐटीत म्हणाले. "आमच्या घरी पोरीइले रोकत नाही."

पाहुणे खूश झाले. "वा! मंग पुढं काहून नाही शिकवलं?"

"तिलेच मन नव्हतं."

पोह्यांची बशी मोठेबाबांच्या तोंडावर मारावीशी वाटली. ती मी पाहुण्यांपुढे धरली.