पिंजऱ्याखालचा भुसा

"दुधानं माणूस लवकर म्हातारं होतं," नणंद एकदा भर जेवणात म्हणाली आणि तिनं आपल्या आईच्या हातातला दुधाचा पेला काढून घेतला.

भावजयीला तेव्हाच तिचा हात पिरगाळावासा वाटला. पण नणंद पडली शास्त्रज्ञ. लग्न केलं नाही, कुणाशी पटवून घेतलं नाही. सगळी माया प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. घरात शिरली की आधी तिच्या अंगाचा औषधी वास यायचा, मागोमाग टोमणे. नवरा म्हणायचा, शिकलेली आहे, ऐक तिचं.

सासूबाईंच्या ताटातून दूध गेलं, अंडी गेली. आले ते सोयाचे उकडलेले गोळे, खोडरबरासारखे.

भावजय कुरकुरली, तेव्हा नणंदेनं तिला प्रयोगशाळेत नेलं. एका मांडणीवर दुधातल्या प्रथिनांवर वाढवलेले उंदीर: पाठीला पोक, केस झडलेले. दुसरीवर त्यांच्याच वयाचे, सोयावरचे: सडपातळ, जाळीला लोंबकळणारे.

"दोन्हीकडे सारखंच मोजून घालतो, वहिनी. फरक फक्त प्रथिन कुठून आलं त्याचा. बोल आता."

सोयावाल्यांच्या पिंजऱ्याखाली भुशात खाण्याचा चुरा पडला होता. भावजयीनं त्याकडे बोट केलं.

"हात लावू नकोस. कचरा आहे तो. झाडून टाकतात."

इकडे सासूबाई वाळत चालल्या. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. नणंद दर सुट्टीला यायची, आईला वजनकाट्यावर उभं करायची आणि खूश व्हायची.

"माझे उंदीरही असेच हलके आहेत. आई शंभरी गाठेल."

"आणि मी?"

"तू दूध पितेस. तुझा काय भरवसा!"

मग एका सकाळी सासूबाई न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. त्यांना निजवायला भावजयीनं गादी झटकली, तर खालून गोळे घरंगळले. वाळलेले, दगडासारखे. नणंद धावत आली, तेव्हा भावजयीनं ते तिच्या पुढ्यात ओतले.

"ही घे तुझी शंभरी."

"आई, तू खात नव्हतीस?"

"घशाखाली उतरत नाहीत गं. संपवले म्हटलं की तुझा चेहरा खुलायचा."

नणंदेनं एक गोळा बोटांत चुरला. चुरा फरशीवर पडला.

"भुसा," ती पुटपुटली. "घातलं किती ते मोजलं. खाल्लं किती ते नाहीच. तेही... सोयावरचे उंदीरही उपाशीच होते."

"उंदीर गेले खड्ड्यात! आईचं बोल." भावजयीनं गरम दुधाचा पेला तिच्या हातात कोंबला. "तू काढून घेतलास, तूच दे."

नणंदेनं पेला आईच्या हातात दिला. म्हातारीनं तो ओठांपर्यंत नेला, पण घोट घेण्याआधी घाबरून लेकीकडे पाहिलं.

"पिऊ का गं?"

नणंदेनं तिची नजर टाळली, चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली.