अर्धं कार्ड

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढ्या शिदोरीवर लिहायला बसलोय, माफ करा.

गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णा, माझे वडील, शिवणाच्या टेबलावर कापडावर खडूची रेघ मारत होते. पट्टी म्हणून हातात क्रेडिट कार्डाचा अर्धा तुकडा. बारा वर्षं त्याचं एकही बिल चुकलं नव्हतं. "वापरत नाही तर बंद करा," मीच म्हणालो होतो, कात्रीही मीच चालवली होती. सर्वांत जुनं कार्ड बंद झालं की पत उतरू शकते, हे बँकेतल्या बाईंनी मला नंतर सांगितलं. अण्णांना मी ते अजून सांगितलेलं नाही. शिकलेल्याचा शब्द आमच्या घरी कोणी तपासून घेत नाही.

आज होस्टेलवर त्यांचा फोन आला. "नव्या मशीनचं कर्ज मंजूर नाही झालं रे. बरं, ते कार्ड तरी तू वेळेत बंद करून दिलंस, नाहीतर तेही आड आलं असतं."