मागच्या सीटचा फोम

कल्याणच्या सीट कव्हरवाल्याकडे रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचा वास नाकात गेला आणि कोपरीतलं ते जुनं दुकान आठवलं. आई जाऊन वर्ष झालेलं. बाबांनी स्कूटरची सीट शिवायला आणलेली.

"काका, मागचा फोम पार बसलाय. नवीन टाकतो, थोडेच जास्त होतील," कारागीर म्हणाला.

"फोम राहू दे. वरचं रेक्झिन तेवढं बदला, भारीतलं."

खड्ड्यावर भारी रेक्झिन? मला काही कळेना. चिकटपणा म्हणावा, तर भारीतलं कशाला?

आता बाबाही नाहीत. त्यांची कार मी चालवतो.

"साहेब, ड्रायव्हर सीटचा फोम बसलाय, बदलू ना?" दुकानदार पुन्हा विचारतोय. कंबर दुखते म्हणूनच तर आलेलो, तरी तोंडातून 'हो' निघत नाहीये.