पुन्हा तेच

कांताबाई गुप्ते यांच्याकडे चोपन्न वर्षांच्या रोजनिश्या होत्या आणि प्रत्येकीच्या शेवटच्या चार पानांवर सूची होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावलेली शिस्त. फ्रिज कधी आला, जाऊबाईंशी अबोला कोणत्या साली होता, नवऱ्याची पहिली अँजिओग्राफी कोणत्या तारखेला झाली, हे सारं त्या मिनिटभरात काढून दाखवत. कोणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

म्हणून नातीनं मदत मागितली तेव्हा ठाण्यातल्या बाळकुमला, सोळाव्या मजल्यावरच्या घरात त्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. संचिता ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर पीएचडी करत होती. तिनं जमवलेले सगळे लेख संदर्भ सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. लेख आत घेतला की मासिकानं दिलेले कीवर्डही ते आपोआप उचलून आणायचं. लेख तीनशे आणि कीवर्ड तेराशे बारा. मीठ, मिठागर, मिठागरे, मीठ उत्पादन, मीठ उद्योग अशी एकाच घरातली सतरा माणसं वेगवेगळी चूल मांडून बसलेली.

"आजी, एकत्र कर ना सगळे. मला वेळच नाहीये. आणि वाचता वाचता काही सुचलं तर तुझेही लाव, चालेल."

शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

पहिला आठवडा कांताबाईंनी नेमून दिलेलं काम केलं. तेराशेचे दोनशे चाळीस झाले. मग त्यांना सुचायला लागलं. रोजनिशीत प्रत्येक दिवसापुढे समासात एक शेरा लिहायची त्यांची सवय होती. 'फुकट', 'बरा', 'पाहुणे नकोत'. लेखांनाही तसं काही हवं, असं त्यांना मनापासून वाटलं. एका लेखाला त्यांनी 'लांबण' लावला. दुसऱ्याला 'आकडे ऐकीव'. तिसऱ्याला 'चौथ्या पानानंतर सोडावा'. आणि जो लेख लेखकाच्या आधीच्याच लेखासारखा वाटला त्याला 'पुन्हा तेच'. हा शेरा त्यांना इतका आवडला की तो तेवीस लेखांना लागला.

संचिता खो खो हसली. म्हणाली, भारी आहे, आणि ते शेरे वापरायलाही लागली. 'पुन्हा तेच'वर क्लिक करायचं आणि आलेले लेख बाजूला ठेवायचे. प्रबंधातलं प्रकरण भराभर पुढे सरकलं. पुरं झाल्यावर मार्गदर्शकांना संदर्भ तपासता यावेत म्हणून तिनं आख्खा संग्रह त्यांना उघडा करून दिला. शेरे काढायचे राहिले.

मार्गदर्शक होते डॉ. त्र्यंबक सोहोनी. त्या तेवीसपैकी नऊ लेख त्यांचे होते.

शुक्रवारी त्यांचा दोन ओळींचा निरोप आला. सहामाही प्रगती अहवालावर सही करता येत नाही. शनिवारी अकराला ठाकुर्लीला घरी ये. अहवाल सोमवारी विद्यापीठात गेला नाही तर संचिताची नोंदणी रद्द होणार होती. आधीच एक मुदतवाढ घेऊन झाली होती.

संचितानं उपाय काढला. सॉफ्टवेअर कीवर्ड आपोआप लावतं हे सरांनाही माहीत होतं, तेच सांगायचं. कांताबाई म्हणाल्या, 'चौथ्या पानानंतर सोडावा' असं कुठलं सॉफ्टवेअर म्हणतं? मीच येते. खरं सांगायचं तर यात सत्यनिष्ठा निम्मीच होती. उरलेला निम्मा भाग असा, की नऊ लेख सारखे आहेत हे त्यांना सिद्ध करून दाखवायचं होतं. त्यांनी टिपणं काढून पर्समध्ये घातली.

सोहोनी साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ निघाले. कांताबाईंनी चपला काढता काढताच कबुली दिली. सरांनी त्यांना बसायला सांगितलं, लॅपटॉप समोर ठेवला.

"काकू, हे नऊही लेख तुम्ही वाचलेत?"

"दोनदा. पहिल्यांदा कळले नाहीत म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"कळले म्हणून."

संचितानं डोळे मिटून घेतले. सर मात्र हसू दाबत म्हणाले की नऊ लेख वाचलेला माणूस ते प्रथमच पाहत आहेत. मग एकेक लेख निघाला. तीन लेखांच्या बाबतीत त्यांनी सरळ मान्य केलं. बढतीसाठी लिहिले होते. पाचांवर थोडी घासाघीस झाली. कांताबाईंनी टिपणं बाहेर काढली, पानं दाखवली, आणि आपण जिंकतो आहोत असं त्यांना वाटू लागलं.

"आता हा," सर म्हणाले. "शेवटपर्यंत वाचलात?"

"हो तर. संदर्भसूचीपर्यंत."

"सूचीच्या पुढे?"

सूचीच्या पुढे काही असतं हेच कांताबाईंना माहीत नव्हतं. त्यांच्या रोजनिशीत सूचीनंतर पुठ्ठा येई. सरांनी लेख खाली सरकवला. सूचीनंतर अकरा पानांचा तक्ता होता. चौदा गावं, प्रत्येक गावातल्या एकेका मिठागराचं नाव, ते कोण पिकवत असे, कधी बंद पडलं. सरांनी तीन वर्षं पायी हिंडून, म्हाताऱ्या आगऱ्यांना विचारून तो केला होता. त्यातली बहुतेक माणसं आता नव्हती.

"सही शेऱ्यांसाठी अडवलेली नाही," ते संचिताकडे वळले. "तुझ्या प्रकरणात लिहिलंयस, की मिठागरांच्या नावांची नोंद कुठेच मिळत नाही. ती तुझ्याच संग्रहात होती."

संचितानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिनं आजीकडे पाहिलंही नाही, ते कांताबाईंना जास्त लागलं.

"मी तिला सोडायला लावला," त्या म्हणाल्या. टिपणं त्यांनी पर्समध्ये परत ठेवली. घडी नीट बसेना.

सरांनी सोमवारी सकाळी दहापर्यंत वेळ दिला. तक्ता वाचून प्रकरण दुरुस्त झालं तर सही.

परतीच्या वाटेवर रिक्षात संचिता एवढंच म्हणाली, की मीही उघडून बघायला हवा होता.

घरी आल्यावर कळलं, की यादीतून 'पुन्हा तेच' हा शेरा काढला तर तेवीसही लेखांवरून एका क्लिकसरशी जातो. सॉफ्टवेअरनं विचारलंही, नक्की का? कांताबाईंनी नको म्हटलं. रविवारी सकाळपासून त्यांनी एकेक लेख उघडला, पुठ्ठ्यापर्यंत वाचला, मगच त्याचा शेरा काढून साधा, निमूट कीवर्ड लावला: गावांची नावं, मजुरी, भरतीचं पाणी. आणखी दोन लेखांच्या मागे तक्ते निघाले. त्या ते मोठ्यानं वाचून दाखवत होत्या आणि शेजारी संचिता टाइप करत होती. दुपारी तिनं स्वतःहून विचारलं, "आजी, आपल्या बाळकुमची मिठागरं किती?" तेव्हा कांताबाईंच्या जिवात जीव आला.

सोमवारी सव्वादहाला संचिताचा फोन आला. सही झाली होती. सरांनी प्रकरण वाचलं, दोन वाक्यं बदलायला सांगितली, संग्रह उघडून सगळे कीवर्ड वरपासून खालपर्यंत पाहिले.

"माझ्याबद्दल काही म्हणाले?" कांताबाईंनी विचारलं.

"नाही. काहीच नाही."

कांताबाईंना जरा वाईटच वाटलं.