तीन भाकरींचं गणित

पोरगं दारातून आत येईपर्यंत गुरुजींच्या मनात त्याची तुकडी ठरलेली असायची. लातूरच्या आमच्या शाळेत आठवीला तीन तुकड्या पडत. अ बोर्डात नाव काढायला, ब पास व्हायला आणि क नुसती दिवस ढकलायला. ही वाटणी गुरुजींकडे होती, म्हणून पोरं त्यांना चाळणी गुरुजी म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी.

"मला तीन प्रश्न लई झाले," असं ते म्हणत. एक पाढा, एक नकाशातली नदी आणि शेवटी भाकरी. माणशी तीन भाकरी, तर तुमच्या घरी किती लागतील? घरातली माणसं फॉर्मवर लिहिलेली असत, त्यामुळे उत्तर त्यांच्यापुढे तयारच असे. मुदखेडहून आलेल्या एका पोरानं आजोबांना दात नाहीत म्हणून तीन भाकरी वजा केल्या. गुरुजी पोट धरून हसले आणि त्याला अ मध्ये टाकलं. असे ते दिलदारही होते.

भूकंप झाला त्या वर्षी दिवाळीनंतर किल्लारीकडची पोरं शाळेत आली आणि गुरुजींनी पुन्हा रांग लावली. मी अ चा मॉनिटर, फॉर्म हातात घेऊन शेजारी उभा. सुमन नावाच्या मुलीचा फॉर्म तिच्या मामानं जुन्या रेशनकार्डावरून भरला होता. घरात माणसं सात. पाढा तिनं धडाधड म्हटला, नदीही दाखवली. भाकरीचं विचारल्यावर थोडं थांबून म्हणाली, "तीन."

मी मोठ्यानं हसलो. गुरुजींनी फॉर्मवर क लिहिलं.

आठवड्यानं तिच्या मदतीचे कागद शाळेत आले. त्यात मयत म्हणून घरच्या सहा जणांची नावं होती. गुरुजींनी तिला वर्गातून बोलावलं, तर ती आलीच नव्हती. क मधल्या पोरीला शिकवून काय करायचं, असं म्हणून मामानं तिला गावी नेलं होतं.

त्यानंतर गुरुजी रांग लावायला कधीच बसले नाहीत. मुख्याध्यापकांकडे मागून त्यांनी क तुकडी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, त्यात एक माझाही. सातवी झालेल्या पोरांची चाचणी घेऊन बॅचेस पाडायच्या होत्या. पेपर काढायला गुरुजींसारखा माणूस नाही, म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला आणि नको म्हणाले. मग आपणहूनच सांगू लागले. सुमनला मामानं नेलं तेव्हा ते तिच्या गावी गेले होते. पत्र्याच्या शेडपुढे ती भांडी घासत होती. मामानं त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"निघताना पोरगी मागं आली. म्हणली, गुरुजी, माझं गणित बरोबर व्हतं नव्हं? मी हाव म्हणलो. लई खूश झाली रे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू होतास की तिथं."

मी होतो. त्यांना माझं हसणं आठवत होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. बॅचेसची यादी मात्र मी दुसऱ्याच दिवशी लावली. ती दर जूनमध्ये लावतो. खालच्या बॅचमधली नावं लिहिताना अजून माझा हात थांबतो, आणि थोड्या वेळानं मी पुढचं नाव लिहितो.